बंदूक बाजूला ठेव, मग बोलू

नमस्कार राजेहो. आज मारामारीवर बोलायचं आहे, पडद्यावरच्या मारामारीवर. कुंगफू म्हणा, इंडोनेशियाचं सिलाट म्हणा, केरळची कलारी म्हणा, हातापायाची लढाई आणि तिच्यासोबत खून, पोलीस, टोळी, दडवलेला पैसा, फितूर झालेला माणूस हे सगळं ज्यात येतं तो मार्शल आर्टचा क्राइम थ्रिलर. नागपुरात याचे शौकीन कमी नाहीत, बर्डीपासून सदरपर्यंत कोणत्याही टपरीवर नुसतं विचारा की भाऊ सगळ्यात भारी फाइट कोणती, पोट्टे चहा थंड होऊ देतील पण वाद सोडणार नाहीत. मात्र फाइट भारी असूनही कितीतरी पिक्चर बोअर होतात, अर्ध्या तासात आपला मोबाइल बाहेर येतो, आणि एखाद्या पिक्चरमध्ये फाइट तीनचारच असतात तरी माणूस पाणी प्यायलाही उठत नाही. हे काहून होत असंल?

माझं म्हणणं असं आहे की या पिक्चरमध्ये मारामारी हीच चौकशी असली पाहिजे. साध्या क्राइम थ्रिलरमध्ये पोलीस संशयिताला समोर बसवून विचारतो, त्या रात्री कुठं होतास, कोणाचा माणूस आहेस. इथं तोच प्रश्न हाताने विचारला जातो आणि उत्तर अंगातून बाहेर येतं. तोंडाने माणूस वाट्टेल ते खोटं बोलंल, पण अंगात मुरलेला डाव ऐन वेळेला लपत नाही. आखाड्यात जुना वस्ताद एखाद्या पोराची पहिली पकड पाहूनच ओळखतो की हा कोणाच्या हाताखाली शिकला, किती शिकला आणि कुठं सोडून दिलं. तसंच प्रेक्षकाला प्रत्येक फाइटमधून काहीतरी नवीन कळलं पाहिजे. फाइट संपल्यावर आपल्याला आधीपेक्षा जास्त माहीत नसेल तर ती कितीही नाचरी असो, गोष्ट तिथंच उभी आहे.

आता पहिली अडचण येते बंदुकीची. क्राइम म्हटलं की बंदूक आली, आणि बंदूक आली की वीस वर्षं घाम गाळून शिकलेली लाथ वाया. त्यामुळे लेखकाला आधी हे सांगावं लागतं की इथं कोणी गोळी का घालत नाही, आणि हे तो कसं सांगतो यावरून मला त्याचा दर्जा कळतो. १९७३ सालचा ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' घ्या. नायक गुप्त तपासाला एका बेटावर जाणार आहे, आणि तो स्वतःच सरळ विचारतो की पिस्तूल घेऊन जाऊन काम आटोपता येत नाही का, तर त्याला सांगितलं जातं की त्या बेटाचा मालक बंदुका येऊच देत नाही. विषय संपला. एका संवादात अख्ख्या पिक्चरची मारामारी रास्त ठरली, आणि खलनायक किती सावध, किती संशयी आहे हेही त्यातच कळलं. ब्रूस लीला मात्र त्याचं यश पाहता आलं नाही, तो २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये गेला आणि पिक्चर त्यानंतर लागला. अजूनही हे आठवलं की वाईट वाटतं.

दुसरी वाट आहे अंतराची. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुएलर यांनी एक लेख लिहिला, त्यांनी करून पाहिलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तेवढ्याच वेळात पोलिसाचं पिस्तूल जेमतेम कमरेतून निघून नेम धरलं जातं. २१ फूट म्हणजे चांगली मोठी खोली झाली. म्हणून हुशार दिग्दर्शक आपल्या माणसांना जिन्यात, लिफ्टमध्ये, स्वयंपाकघरात आणून सोडतो, तिथं बंदूकवाल्यालाही हातच वापरावे लागतात आणि आपल्याला ते खोटं वाटत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, पात्राने स्वतःहून बंदूक ठेवून देणं. २०११ चा इंडोनेशियन पिक्चर 'द रेड' अनेकांनी पाहिला असंल. गॅरेथ इव्हान्स हा वेल्सचा माणूस इंडोनेशियात सिलाटवर डॉक्युमेंटरी करायला गेला, तिथं त्याला इको उवैस भेटला, जो तेव्हा एका फोन कंपनीत ड्रायव्हर होता आणि लहानपणापासून सिलाट शिकलेला होता, आणि त्याच्यावर इव्हान्सने पिक्चर उभे केले. पण मी बोलून राहिलो ते दुसऱ्याच माणसाबद्दल, यायान रुहियान, ज्याने 'द रेड'मध्ये डॉनचा खास माणूस केला आहे. अंगाने बारीक, उंचीने कमी. त्याने एका उंचपुऱ्या पोलिसावर बंदूक रोखून धरलेली आहे, चाप ओढला की काम झालं. तो त्याला एका रिकाम्या खोलीत नेतो, बंदूक बाजूला ठेवतो आणि मोकळ्या हातांनी उभा राहतो. समोरचा पोलीस झालेला जो तस्लीम खऱ्या आयुष्यात इंडोनेशियाच्या राष्ट्रीय ज्युडो संघात होता, म्हणजे समोर कोणी कच्चा गडी नाही. बघा आता, एक शब्द खर्च न करता काय काय कळलं. हा माणूस पैशासाठी मारत नाही, याला मारण्यात आनंद आहे. मालकाने काम लवकर संपवायला सांगितलं असेल तरी हा आपल्या मर्जीने वेळ घेणार. आणि याच्यापुढे आता नायक येणार आहे. पुढचा अर्धा पिक्चर आपण त्या भीतीत काढतो. चौकशी झाली, फक्त प्रश्न विचारणारे आपण होतो.

हत्यारही असंच बोलतं. २००५ चा हाँगकाँगचा एक पिक्चर आहे, 'एसपीएल', त्यात रात्रीच्या गल्लीत डॉनी येन आणि वू जिंग समोरासमोर येतात. डॉनी येन पोलीस, त्याच्या हातात लांब होणारा दंडुका. वू जिंग भाडोत्री खुनी, पांढरे कपडे, हातात आखूड सुरा. दंडुका हे पोलिसाचं हत्यार, समोरच्याला लांब ठेवायचं, हातावर मारून हत्यार पाडायचं. सुऱ्याला जवळ यायचंच असतं. म्हणजे एकाला अंतर पाहिजे, दुसऱ्याला ते मोडायचं आहे, आणि या ओढाताणीतच पोलीस कोण आणि खुनी कोण हे आवाज बंद करूनही कळतं. त्या फाइटचा बराचसा भाग आधी बसवलेला नव्हता, दोघांनी एकमेकांच्या वेगावर तो उभा केला, आणि पाहताना ते जाणवतं, कारण दोघांच्याही नजरेत पुढचा वार कुठून येतो याची खरीखुरी वाट पाहणं आहे.

आणि काहीतरी पणाला लागलेलं पाहिजे, जे हातात धरता येतं. जॅकी चॅनच्या १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'चा शेवट एका शॉपिंग मॉलमध्ये आहे, इतक्या काचा फुटतात की त्यातल्या स्टंटवाल्यांनी पिक्चरचं नाव आपसात ग्लास स्टोरी पाडलं होतं. लोकांना त्यातला खांबावरून घसरण्याचा सीन आठवतो, दिव्यांच्या माळा लावलेला खांब, जॅकी वरच्या मजल्यावरून उडी मारून तो धरतो आणि दिवे फोडत खाली येतो, हात भाजले होते त्याचे. पण तो उडी का मारतो? कारण खाली पुराव्याची बॅग आहे आणि ती टोळीच्या हातात चालली आहे. ती बॅग काढून टाका, तीच उडी सर्कशीतली होईल. स्टंट जेवढा मोठा तेवढं त्याच्या खालचं कारण साधं पाहिजे, लेकराला पण सांगता आलं पाहिजे.

आता थोडं थकव्याबद्दल. आपल्याकडचे हीरो थकत नाहीत आणि तिथंच माझी मजा निम्मी होते. कोरियाच्या 'ओल्डबॉय'मध्ये, २००३ चा, एका बोळात हातोडा घेतलेला एक माणूस आणि समोर टोळी, कॅमेरा बाजूने सरकत राहतो आणि मधे एकही कट नाही. तो शॉट मिळवायला तीन दिवस आणि १७ टेक लागले होते. आणि त्याचं सौंदर्य काय, तर सगळे थकतात. नायक खाली बसतो, धापा टाकतो, गुंडही भिंतीला टेकतात, कोणालाच पहिल्यांदा पुढं जायचं नाही, मग पुन्हा सुरू. खऱ्या भांडणात असंच होतं ना, दीड मिनिटात छाती भरून येते. माणूस थकला की चुकतो, चुकला की आपल्याला भीती वाटते की आता गेला, आणि थ्रिलर त्या भीतीवरच चालतो. ज्याला काही होऊच शकत नाही त्याची काळजी कोण करणार?

कॅमेऱ्याचंही तेच. हल्ली कोणीही उठतो आणि फाइटमध्ये दर सेकंदाला कट मारतो, कॅमेरा हलवतो, कोणाचा हात कोणाच्या तोंडावर बसला काही कळत नाही, आणि मग चौकशी कशी होणार, साक्षीदारच आंधळा. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसला पाहिजे, मारणारा आणि मार खाणारा एकाच चौकटीत पाहिजे. हाँगकाँगवाले वेग वाढवायला सेकंदाला २४ ऐवजी २२ वगैरे फ्रेमवर शूट करत, मग पडद्यावर हात जरा झपाट्याने चालायचा, पण शॉट तोडत नव्हते, तुम्हाला पूर्ण डाव दाखवत होते. आवाजाचं थोडक्यात सांगतो. आपण ढिशूमवर वाढलो, मला ढिशूम प्रिय आहे, पण थ्रिलरमध्ये ठोशाच्या आधीची शांतता जास्त काम करते. पंखा फिरतोय, नळ टपकतोय, कोणाचा तरी श्वास, आणि मग एकच आवाज.

गुंड रांगेत उभे राहून आपापल्या नंबरची वाट पाहतात ते मला अजिबात चालत नाही, एवढंच बोलून पुढं जातो.

हे सगळं का सांगून राहिलो, तर मला मनापासून वाटतं की असा पिक्चर मराठीत व्हायला पाहिजे आणि नागपुरात व्हायला पाहिजे. बंदुकीची अडचण आपल्याकडे मुळातच कमी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही, आपला हवालदार रस्त्यावर दिसतो तो बहुतेक वेळा लाठी घेऊन, तर लाठी, कुस्ती आणि डोकं यावर चालणारा पोलीस दाखवायला कोणतंही बेट शोधावं लागत नाही. आणि डावांची काय कमी आहे राजेहो, धोबीपछाड आहे, ढाक आहे, कलाजंग आहे, हे पडद्यावर नीट दाखवलं तर लोक शिट्ट्या मारतील. समजा एक हवालदार आहे, तरुणपणी महालातल्या आखाड्यात खेळलेला, आता पोट सुटलेलं, गुडघा दुखतो. इतवारीत एका सराफाचा खून झाला. तपासात एका पोराची गाठ पडते, झटापट होते, पोरगं निसटतं, पण निसटताना ते जो डाव लावतं तो हवालदाराला ओळखीचा आहे, कारण तो डाव असा फिरवून लावणारा वस्ताद या शहरात एकच होता आणि हवालदार त्याचाच चेला. झाली ना गोष्ट सुरू? आता त्याला आपल्याच गुरूच्या घरी विचारपूस करायला जायचं आहे, आणि वस्तादासमोर त्याचा आवाज निघत नाही, कारण अजून तो त्यांच्या पाया पडतो.

जागा तर तयारच आहेत. पहाटेचं कॉटन मार्केट, भाजीचे ट्रक, ओली जमीन, पाय घसरतो. संत्रा मार्केटमध्ये पेट्यांच्या थप्प्या, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, तिथं दोघं भिडले तर हात मागे घ्यायला जागा नाही, कोपर आणि डोकं वापरावं लागणार. आणि मे महिना ठेवा, पारा ४५ ला, दुपारी रस्ते रिकामे, कूलरचा घरघराट, अशात दोन माणसं मिनिटभर लढली तरी दोघांना भोवळ येईल, थकवा दाखवायला नटाला वेगळी मेहनत नको. क्लायमॅक्स गच्चीवर भर उन्हात, अनवाणी. फरशी इतकी तापलेली की कोणालाच एका जागी पाय ठेवता येत नाही, त्यामुळे पायांचा सगळा खेळ आपोआप बदलतो, आणि ज्याच्या पायात चप्पल राहिली त्याची बाजू वरचढ. हवालदाराने एका मागच्या सीनमध्ये वस्तादाच्या दारात चप्पल काढून ठेवली होती, ती तिथंच राहिली असं दाखवलं तर?

ऐकणाऱ्यांत कोणी लिहायला बसणार असाल तर आधी डाव लिहू नका. आधी ठरवा की या फाइटनंतर हवालदाराला कोणती गोष्ट कळणार आहे, आणि ती गोष्ट पोराच्या कोणत्या हातातून, कोणत्या पायातून कळणार आहे. मग एखाद्या आखाड्यात जाऊन वस्तादांना विचारा, वस्ताद, हातात पेटी असताना आणि मागं भिंत असताना तुम्ही काय कराल. ते करून दाखवतील, तुम्ही फक्त बाजूला उभं राहून फोनवर पूर्ण अंग येईल असं शूट करा. आणि जमलं तर इतवारीत संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या वेळेला एक चक्कर मारा, शटर खाली येताना माणसाच्या कमरेपाशी किती वेळ थांबतं ते बघून ठेवा, त्या फटीतून पोरगं निसटणार आहे.