म्हातारचळ

श्रोतेहो, नमस्कार. 'वेड' हा शब्द आपल्या घराघरांत दिवसभर वावरत असतो. कुणाला क्रिकेटचे वेड असते, आई लेकराला 'वेडा रे माझा' म्हणून जवळ घेते आणि कळूनही न कळल्यासारखे करणारा वेड पांघरून पेडगावला जातो. त्या शब्दाशी माझे भांडण नाही. मुंबईत 'ठाण्याला पाठवा' आणि पुण्यात 'येरवड्याला पाठवा' असे थट्टेने म्हणतात, ते मात्र मला सहन होत नाही, कारण तिथल्या मनोरुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस आपल्या शेजारीच बसलेला असू शकतो. पण आज मला बोलायचे आहे ते एकाच शब्दाविषयी, आणि तो शब्द आहे म्हातारचळ.

माझ्या आत्याच्या घरी दुधाचा रतीब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मांडला जात असे. तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने 'अर्धा' किंवा 'एक' लिहायचे आणि गवळी आला नाही तर फुली मारायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता. एका महिन्याच्या अखेरीस तिने गवळ्याला दारातच सुनावले की, या महिन्यात तू चार दिवस आलाच नाहीस आणि पैसे मात्र पुरे मागतोस. कॅलेंडरवरच्या त्या चार चौकटी खरोखरच कोऱ्या होत्या. वीस वर्षे त्या घरी दूध घालणारा तो माणूस काही न बोलता निघून गेला. 'साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ लागलाय, लक्ष देऊ नका,' असे घरातले म्हणाले, आणि कुणी लक्ष दिलेही नाही.

दिवाळीच्या साफसफाईत वहिनीने ते कॅलेंडर भिंतीवरून उतरवले आणि मागची पाने उलटून पाहिली. जानेवारी स्वच्छ होता, मार्चमध्ये एक चौकट कोरी होती, आणि जूनमध्ये एकाच तारखेखाली तीनदा 'अर्धा' लिहिलेले होते. वहिनी ती गुंडाळी घेऊन आत्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी ती पाने वाचली, मग आत्याशी बराच वेळ बोलल्या, तपासण्या करवून घेतल्या, आणि पुढच्या भेटीत म्हणाल्या, "याला स्मृतिभ्रंश म्हणतात."

आत्याला गीतेचा दुसरा अध्याय लहानपणापासून मुखोद्गत होता. ती ताठ बसली आणि 'क्रोधाद्भवति सम्मोहः' पासून 'स्मृतिभ्रंशाद्बुद्धिनाशो' पर्यंत एकही अक्षर न चुकता म्हणून तिने विचारले, "म्हणजे माझ्या रागानेच झाले का हे?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "आजी, गीतेत ते विवेक सुटण्याबद्दल सांगितले आहे. इथे तुमच्या मेंदूतल्या पेशी आजारी आहेत. तुमच्या रागाचा याच्याशी काही संबंध नाही."

आत्या थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग गवळ्याला तसे सांगा."

गवळ्याला त्याच संध्याकाळी सांगितले.

श्रोतेहो, म्हातारपणी रंगेलपणा करणाऱ्यालाही आपण म्हातारचळच म्हणतो. आजारी माणसाच्या वाट्याला तोच शब्द आला की त्याच्यासोबत दोषही येतो, आणि दोषावर कुणी औषध घेत नाही. जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ मूर्खपणाकडे झुकणारा होता, म्हणून तिथल्या सरकारने 2004 साली ते नावच बदलले. आपल्याकडे 'स्मृतिभ्रंश' हा शब्द तयार आहे, आणि तो जड वाटला तर 'विसरण्याचा आजार' म्हणावे. पण म्हातारचळ म्हणू नये.

आणखी एक सांगतो, वाढत जाणारे विसरणे म्हणजे निव्वळ वय नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉइडच्या कमतरतेनेही असे विसरणे येते, आणि ते वेळेवर ओळखले तर उपचारांनी सुधारू शकते. आत्याच्या त्या तपासण्या ठीक निघाल्या, तिचा आजार वेगळा होता. पण तपासल्याशिवाय ते कळले नसते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातले कॅलेंडर, किराण्याच्या याद्या, हिशेबाची वही, जे काही त्या व्यक्तीच्या हातचे असेल ते बरोबर न्यावे, आणि शक्यतो मागच्या वर्षाचेही. नमस्कार.