घरपट्टीची सूट नावाला नव्हे, वापराला

मंडळी, समोर संस्थांचे विश्वस्त बरेच दिसतात, म्हणून मूळ मुद्द्यालाच हात घालतो. ‘आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, म्हणजे आम्हाला घरपट्टी माफ’, हे वाक्य मी गावोगाव ऐकतो. ते बरोबर नाही. नोंदणी होते ती १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. घरपट्टीची सूट मिळते ती महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ खाली. मुंबईचा १८८८चा कायदा वेगळा, तिथे कलम १४३. एकाचा दाखला दुसऱ्याला पुरत नाही.

कलम १३२ काय पाहते? इमारत केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरात आहे का, एवढेच. तिथे धंदा चालत असेल किंवा भाडे येत असेल, तर त्या भागाला सूट नाही. ‘त्या भागाला’ हे शब्द नीट ऐका. वर अनाथ मुलांचे वसतिगृह आणि खाली रस्त्यालगत भाड्याचे गाळे असतील, तर वसतिगृह वेगळे मोजायचे, गाळे वेगळे. गाळ्यांसाठी वसतिगृहाची सूट जाऊ नये आणि वसतिगृहाच्या आडोशाने गाळेही सुटू नयेत. कायद्यातली ही तरतूद मला फार न्याय्य वाटते. शिवाय सूट असते ती घरपट्टीतल्या सर्वसाधारण करात. पाणीपट्टी, सफाईपट्टी भरावीच लागते.

आता शाळांचे पाहू. दिल्लीच्या महापालिका कायद्यात सूट मिळण्याची अट अशी की, संस्था निदान काही अंशी लोकांच्या स्वेच्छेच्या देणग्यांवर चालली पाहिजे. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फी घेऊन शाळा चालवणे एवढ्यानेच धर्मादाय काम होत नाही. कायदा दिल्लीचा असला तरी प्रश्न आपल्याही दारातला आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून वसूल केलेल्या पैशाला देणगी म्हणायचे, हे मला मान्य नाही.

सगळ्यात बोलके प्रकरण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले आहे. अर्बाना शहरात प्रोव्हेना कॉव्हेनंट नावाचे कॅथलिक रुग्णालय होते. २००२ साली तिथे सुमारे १,१०,००० रुग्ण आले. धर्मादाय म्हणून मोफत किंवा सवलतीत उपचार मिळाले ३०२ जणांना. त्यावरचा खर्च सुमारे ८ लाख ३२ हजार डॉलर, आणि मालमत्ता करातली सूट साधारण ११ लाख डॉलरची! गरिबांसाठी अशी सोय आहे, हे रुग्णालयाने लोकांना जाहिरात करून सांगितलेही नव्हते. राज्याने सूट नाकारली, आणि २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पुढे २०१२ साली तिथे कायदाच झाला: जेवढा कर माफ, निदान तेवढ्या किमतीची सेवा गरजूंना द्यायची. घेतले किती आणि दिले किती, हा हिशेब कायद्यातच आला.

आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ पासून उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. योजना चांगली आहे. पण तिच्यावर देखरेख धर्मादाय आयुक्तांची आणि घरपट्टी माफ करणार महापालिका. दोन्ही हिशेब एका कागदावर कोणी मांडायचे?

माफ झालेला कर म्हणजे कोणाच्या तरी गल्लीतले गटार, कोणाच्या तरी वॉर्डातला दवाखाना. तो पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. म्हणून माझी मागणी आहे: दर वॉर्ड कार्यालयात यादी लावा. कोणती इमारत, किती चौरस फुटांना सूट, किती रुपये माफ आणि त्या जागेत वर्षभरात कोणासाठी काय केले. जी लहान ग्रंथालये, वृद्धाश्रम, अंध मुलांची वसतिगृहे खरोखर झिजून काम करतात, त्यांना या यादीचे भय नाही. उलट आज सूट मिळवायला त्यांनाच जास्त खेटे घालावे लागतात. त्यांचे अर्ज आधी निकाली काढा.