मशेरी लावता का, काकी?

(हर्णै बंदर, संध्याकाळ. बैलगाड्या पाण्यात.)

होड्या खोल पाण्यात नांगरल्यात. मासळी किनाऱ्याला लागतेय, लिलावाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात या खलाशाचे हात पाहा. तळव्यावर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्याने मळणं, दोन थापट्या, आणि बार ओठाखाली.

(चूल. लोखंडी तवा.)

वाडीतल्या काकींचा तवा तापलाय. तंबाखू आधी तांबूस होते, मग काळी. ठसका असा, की आमचा कॅमेरामन दोनदा अंगणात जाऊन आला. काळी झाली की चुरायची, फडक्यातून चाळायची, डबीत भरायची. ही मशेरी. सकाळी दात घासायला म्हणून डबी उघडते; दुपारी पुन्हा, दिवेलागणीला पुन्हा.

काकी, तंबाखू खाता?

"नाय वो. मशेरी लावतंय तेवढी."

(डबी, अगदी जवळून.)

प्रौढांच्या तंबाखू वापराचं एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण आहे, 'गॅट्स'. जागतिक आरोग्य संघटनेचं त्याला पाठबळ. प्रश्नांचा गाभा सगळ्या देशांत एकच, म्हणून आकडे एकमेकांशी ताडता येतात. पण भारतात त्यात तपकीर, गुल, गुडाखू अशा दातांना-हिरड्यांना लावायच्या तंबाखूच्या पंगतीला मशेरीही बसवली आहे. नाहीतर काकींचं उत्तर 'नाही' असंच नोंदलं गेलं असतं.

२०१६-१७ च्या फेरीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ७४,०३७ जणांना विचारलं. घरातल्या १५ वर्षं आणि त्यावरच्या माणसांची नोंद हातातल्या यंत्रात करायची; त्यातला एक जण यंत्रच निवडतं. ओटीवर बसलेले आजोबा कितीही बोलके असोत, यंत्राने सुनेला निवडलं तर माजघरातून सुनेलाच बोलवायचं.

महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे निघाले ३.८ टक्के. धुराविना तंबाखू घेणारे, २४.४. नुसतं "ओढता का?" विचारलं असतं, तर आपण केवढे निर्व्यसनी ठरलो असतो!

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा धोक्याच्या इशाऱ्याला. काकींच्या डबीवर तो कोण छापणार?

मशेरीनेही तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, पोटातल्या बाळाचं वजन घटू शकतं.

(काकी डबी कोनाड्यात ठेवतात. दारात नात. निवेदन नाही, फक्त समुद्राचा आवाज.)