वाफसा येईपर्यंत

पहाटेचा उजेड नुकताच पसरू लागला आहे. वाफ्यावर अंथरलेल्या पालापाचोळ्याच्या कडांना अजून पांढरे हिमकण चिकटलेले आहेत आणि तरीही कुंपणालगतच्या गुलाबाच्या काडीवर, गेल्या आठवड्यापर्यंत सपाट असलेला एक डोळा आज फुगलेला दिसतो. त्याचा रंग तांबूस झाला आहे. वसंताची पहिली चाहूल मला बहुतेक वर्षी याच काडीवर लागते.

उत्तर गोलार्धात २० मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास सारखी होतात, दुपारचे ऊन अंगाला सुखावते आणि बी पेरायला हात शिवशिवू लागतात. जमीन मात्र या घाईत सामील होत नाही. हिवाळाभर पाणी मुरलेल्या मातीला तापायला वेळ लागतो, कारण पाण्याचे तापमान थोडेसे वाढवायलाही पुष्कळ उष्णता खर्ची पडते. त्यामुळे हवेतला गारवा ओसरला तरी चार बोटे खाली माती थंडगारच असते. बागकामाच्या सुरुवातीच्या काळात मी केवळ हवेवर विसंबून ओल्या वाफ्यात खुरपे चालवले होते. त्या चिखलाची ढेकळे वाळून विटेसारखी कडक झाली आणि त्या हंगामात उपटलेले जवळजवळ प्रत्येक गाजर वेडेवाकडे, दुभंगलेले निघाले.

त्यानंतर मी वाफसा, म्हणजे माती खुरपण्याजोगी होण्याइतकीच ओल उरण्याची वेळ, ओळखायला शिकले. पडद्यावर दिसते आहे ती याच वाफ्यातली मूठभर माती. ती घट्ट दाबायची आणि तयार झालेल्या गोळ्याला अंगठ्याने हलकेच टोचायचे. गोळा चिकट राहिला, अंगठ्याचा ठसा घेऊन तसाच बसला, तर खुरपे परत जागेवर ठेवायचे; तो भुसभुशीत होऊन फुटला, तर वाफसा आला. आज तो फुटलेला नाही. बागेतल्या सगळ्या कामांत मला हे थांबणे सर्वांत अवघड जाते.

या दिवसांत माझा जीव खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांत गुंतलेला असतो. ती उजेडाच्या दिशेने इतकी झुकतात की ट्रे रोज फिरवून ठेवावा लागतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांच्या शेंड्यांवर उजेड अडवणाऱ्या टोप्या घातल्या, तेव्हा ते अंकुर वळेनासे झाले. उजेडाची जाणीव शेंड्याला होते आणि वाकतो तो खालचा भाग, हे त्यांनी १८८० मध्ये मांडले. एका वर्षी मी याच खिडकीत मायेपोटी रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहते, तर मातीलगत रोपांच्या माना दोऱ्यासारख्या बारीक आणि काळपट झाल्या होत्या आणि अर्धा ट्रे आडवा झाला होता. सतत ओल्या मातीत आणि कोंदट हवेत फोफावणाऱ्या बुरशीसारख्या जीवांनी ती रोपे मारली होती. आता मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय मी झारीला हात लावत नाही आणि पाणी ट्रेच्या तळातून देते.

बागेच्या नोंदींच्या माझ्या वहीतली पाने चाळली की कोणतीच दोन वर्षे सारखी नसल्याचे दिसते. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून झाडांची पहिली पालवी, पहिली फुले, पक्ष्यांचे आगमन अशा वसंताच्या खुणांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ती १९५८ पर्यंत चालू ठेवली. माझी वही अवघ्या आठ वर्षांची आहे, पण गुलाबाचा डोळा फुगल्यापासून वाफसा येईपर्यंत किती दिवस गेले, हे मला तिच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही.

अकराव्या दिवशी गोळा फुटतो. त्याच दुपारी मी वाटाणा पेरते, कारण सुमारे ५ अंश सेल्सिअसलाही, सावकाश का होईना, तो रुजतो. टोमॅटोला इतक्या थंड मातीत लावले, तर तो वाढायचा थांबतो. म्हणून त्याची रोपे सात ते दहा दिवस थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून वारा आणि उन्हाची सवय करून घ्यायची आणि अंधार पडण्यापूर्वी आत आणायची.

आणि आज सकाळी हे दिसते. मातीला बारीक भेग गेली आहे, एक खडा बाजूला कलला आहे आणि त्याखालून फिकट हिरवा, आकड्यासारखा वाकलेला कोंब पाठ वर काढतो आहे. त्याचा नाजूक शेंडा अजून खाली वळलेला आहे. वर येताना मातीची रगड त्या वाकलेल्या पाठीने सोसली आहे. काल संध्याकाळी इथे काहीही नव्हते.

दिवस मावळताना आकाश निरभ्र होते. अशा रात्री पानांतली उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते आणि हवा गोठणबिंदूच्या दोन-तीन अंश वर असली, तरी पानावर हिम धरू शकते. वाटाण्याला एवढा गारठा सोसतो, त्यामुळे त्याला उघड्यावरच राहू देते. टोमॅटोचा ट्रे मात्र दोन्ही हातांनी उचलते आणि आणखी एका रात्रीसाठी घरात आणते.