सरकणारी सरासरी

पुण्यातील ‘शिमला ऑफिस’ हा बसथांबा ठाऊक नसलेला पुणेकर विरळा. १९२८ मध्ये भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून येथे आले आणि पुढे दिल्लीला गेले. नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. देशभरातील हवामानाच्या जुन्या नोंदी आजही पुण्यातच जपल्या जातात.

पडद्यावर दिसणारी ही पांढरी लाकडी पेटी म्हणजे तापमापक ठेवण्याची स्टीव्हन्सन पेटी. तिच्या तिरप्या पट्ट्यांमधून वारा खेळतो, ऊन मात्र आत शिरत नाही. दार उघडताना तापमापकावर किरण पडू नयेत म्हणून ते उत्तरेकडे ठेवलेले असते. येथे मोजले जाते ते सावलीतील हवेचे तापमान. अंगाला बसणारा चटका आणि जाहीर झालेला आकडा जुळत नाही म्हणून हवामान विभागाला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

एखादा कडक मे महिना काहीच सिद्ध करत नाही. कल दिसतो तो दशकानुदशके घेतलेल्या नोंदींतून, आणि त्यांनुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. जगाच्या एकूण भूभागाशी तुलना केली तर ही वाढ कमी भरते. पण त्यात समाधान मानण्यासारखे फारसे नाही. हवेतील धूर आणि धूलिकण सूर्यप्रकाशाचा काही भाग परत फिरवतात, तर उत्तरेच्या मैदानातील कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर भिजलेल्या शेतांतून होणारे बाष्पीभवन उष्णता शोषून घेते, त्यामुळे तापमानवाढीचा काही भाग झाकला जातो. धूर पावसाने काही दिवसांत धुऊन निघतो, कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतके टिकतो. म्हणून हवा स्वच्छ करणे आवश्यक असले, तरी ती स्वच्छ झाल्यावर झाकलेली उष्णता उघडी पडणार आहे.

बातम्यांतील ‘सरासरीपेक्षा इतके अंश जास्त’ हा शब्दप्रयोगही जपून ऐकावा लागतो, कारण ही सरासरी ३० वर्षांची असते आणि ती अधूनमधून पुढे सरकवली जाते. भारतात २०१६ हे वर्ष १९६१ ते १९९० च्या सरासरीपेक्षा ०.९१ अंशाने उष्ण ठरले होते. १९८१ ते २०१० च्या तुलनेत तोच फरक ०.७१ अंश झाला आणि १९९१ ते २०२० च्या तुलनेत ०.५४ वर आला. २०१६ थंड झालेले नाही, पट्टीच तापली आहे. त्या तापलेल्या पट्टीनेही २०२४ हे वर्ष ०.६५ अंशाने वर भरले, १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष म्हणून.