२९ सेंटचा रॉबर्ट जॉन्सन

अमेरिकेचं हे टपाल तिकीट १९९४ सालचं, किंमत २९ सेंट. सडपातळ तरुण, नजर थेट आपल्यावर, डाव्या हाताची लांबसडक बोटं गिटारच्या तारांवर रोवलेली. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकाराचा गायक रॉबर्ट जॉन्सन.

आता मूळ फोटो पाहू. नाणं टाकून स्वतःच काढायच्या यंत्रातला. चेहरा तोच, गिटारही तीच. फक्त इथं ओठांत सिगारेट लोंबतेय. टपाल खात्याला धूम्रपानाची जाहिरात नको होती, म्हणून तिकिटावरून ती काढून टाकली. त्यावर सिगारेट ओढणाऱ्यांच्या एका संघटनेनं चक्क निषेध नोंदवला! पण खातं आपल्या मतावर ठाम राहिलं. १९९९ साली चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या तिकिटावरूनही सिगारेट अशीच उडाली.

जॉन्सन मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातला. रस्त्याच्या कडेला, दारूच्या गुत्त्यांत वाजवायचा. १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसला त्याची मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. १९३८ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, वय २७. कुणी म्हणतं विष घातलं. थडगंही नेमकं कुठलं ते ठरत नाही. तीन ठिकाणी दगड उभे आहेत. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्यानं ही बोटं मिळवली, अशीही आख्यायिका आहे. एवढा रियाज करायचा आणि श्रेय सैतानानं न्यायचं! त्याची गाणी जगभर पोचली, तरी चेहरा कसा होता हे बहुतेक रसिकांना १९८० च्या दशकापर्यंत ठाऊकच नव्हतं.

याआधी, १९६९ साली, टपाल खात्यानं ब्लूज संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीवर तिकीट काढलं होतं. या वेळी मात्र ब्लूज आणि जॅझ गायकांची आठ तिकिटं एकदम आली. मा रेनी, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ. आणि ही बेसी स्मिथ. १९३७ मध्ये मोटार अपघातात गेली. एके काळची सर्वात महागडी ब्लूज गायिका, पण १९७० पर्यंत तिच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. शेवटी तो बसवायला रॉक गायिका जॅनिस जॉप्लिननं पैशांचा वाटा उचलला.

१७ सप्टेंबर १९९४ ला तिकिटं मिसिसिपीतल्या ग्रीनव्हिलमध्ये प्रकाशित झाली. २९ गाणी, २९ सेंट, हा निव्वळ योगायोग. तेव्हा साध्या पत्राचा दरच तेवढा होता. १ जानेवारी १९९५ पासून तो ३२ सेंट झाला, आणि साडेतीन महिन्यांतच जॉन्सनशेजारी आणखी तीन सेंटचं तिकीट डकवायची वेळ आली.