दोरी ओढणारा हात

नमस्कार, श्रोते हो.

चालती असेंब्ली लाइन थांबवणं हा एके काळी मोटार कारखान्यांत गुन्हाच समजला जाई. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथं बोल्ट तिरका बसो, दरवाजा नीट न लागो, गाडी पुढं गेलीच पाहिजे. दुरुस्ती नंतर, बाहेर आवारात. कामगार आणि साहेब यांच्यात उभा दावा. पाचातला एक माणूस रजेवर नाही तर बेपत्ता. काही सकाळी तर लाइन सुरू करण्यापुरतीही माणसं नसत. १९८२ साली कंपनीनं कारखान्याला टाळं लावलं.

१९८४ मध्ये ते टाळं निघालं. या वेळी जनरल मोटर्सबरोबर जपानची टोयोटा भागीदार होती. न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग असं लांबलचक नाव, लोक त्याला 'नुमी' म्हणत. आणि कामावर घेतले कोण? बहुतेक तेच जुने कामगार, त्यांच्या त्याच युनियनसकट.

मी आयुष्यभर कारखान्यात काढलं, म्हणून मला यातला पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. टोयोटानं या अमेरिकन माणसांच्या तुकड्या जपानला, ताकाओकाच्या कारखान्यात पाठवल्या. भाषणं ऐकायला नव्हे, तिथल्या कामगाराच्या खांद्याला खांदा लावून काम करायला. भाषा येत नव्हती. एखादा मागे पडला की शेजारचा जपानी कामगार यायचा आणि खुणेनं विचारायचा, काय अडलंय? मदत करू? वीस-वीस वर्षं लाइनवर काढलेल्या माणसांना हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. निरोपाच्या वेळी त्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतल्यावर फ्रीमाँटच्या लाइनवर दोरी आली. काही चुकतंय असं वाटलं की कामगारानं ती ओढायची. ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही, हे इथं नीट सांगायला हवं. आधी दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी पोचली आणि अडचण सुटलेली नसली, तरच लाइन थांबते. म्हणजे दोरी ओढणं ही मदतीची हाक. साहेबांसाठी राखीव पार्किंग गेलं, कँटीन सगळ्यांचं एक झालं. गैरहजेरी झपाट्यानं उतरली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जाला जपानच्या तोडीच्या निघू लागल्या.

पण माझं मत विचाराल तर दोरीपेक्षा करारातलं एक कलम मोठं होतं. कामगारकपात करायची वेळ आलीच, तर त्याआधी वरच्या अधिकाऱ्यांचे पगार कमी होतील, असं लिहून दिलं होतं. १९८८ च्या सुमाराला गाड्यांची मागणी खूप घसरली, तरी कुणाला घरी बसवलं नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिलं. नोकरीची धास्ती असलेला माणूस आपली चूक कशाला दाखवील? आणि चूक लपवणाऱ्या दोघांची मैत्री तरी कशी व्हायची?

हे मला चाकणला पटलं. मी होतो त्या कंपनीचं मुख्य ऑफिस जर्मनीत. आमची फर्स्ट शिफ्ट सात वाजता सुरू व्हायची, तेव्हा तिथं पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात अडीचच. दुपारी फोन जोडला की तिकडून ड्रॉइंगमधला बदल सांगायचे, शेवटी "कळलं ना?" आणि आम्ही म्हणायचो, "येस, येस". मला एकदा कळलं नव्हतं. फ्लॅंजच्या, म्हणजे जोडणीच्या कडेच्या, भोकाचं माप बदललं होतं, मी जुन्या ड्रॉइंगवर तीनशे नग काढू दिले. सगळे रिजेक्ट. त्यानंतर महिनाभर नुसत्या ईमेल. प्रत्येक ईमेलला वाढत जाणारी सीसीची रांग, आणि दोन्हीकडून एकच मजकूर : चूक आमची नाही.

मग तिकडून एक वयस्क फिटर आला. मीटिंग रूममध्ये बसलाच नाही. थेट आमच्या प्रेसपाशी गेला. प्रेसवर खेडचे एक मामा होते, मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. दोघांनी दोन दिवस माप घ्यायचं व्हर्नियर, खडू आणि जमिनीवर काढलेली चित्रं यांवर निभावलं. ड्रॉइंगची चूक होतीच, पण फिक्स्चरची, म्हणजे नग जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाची, एक पिनही झिजली होती. मामांना ते केव्हापासून ठाऊक होतं, पण विचारलं कुणी होतं? फिटरनं पिन हातात घेतली, आपल्या खिशातल्या वहीत तिचं चित्र काढलं आणि खाली मामांचं नाव लिहून घेतलं. त्यांच्या कारखान्यातल्या फिक्स्चरलाही तीच पिन होती.

त्या दिवशी मी त्याला सांगून टाकलं की फोनवर मला कळलं नव्हतं. तो म्हणाला, मी भरभर बोलतो, माझी बायकोही हेच सांगते. तेव्हापासून आम्ही एक पद्धत पाडली. ज्यानं ऐकलं त्यानं बदल आपल्या शब्दांत परत सांगायचा, आणि मापाचा फोटो पाठवायचा. पाच मिनिटं जास्त जायची. रागाच्या ईमेल आपोआप आटल्या.

त्याच मुक्कामात खंडेनवमी आली. मामांनी प्रेस पुसून लख्ख केला, झेंडूचं तोरण बांधलं आणि हळदकुंकवाचं ताट फिटरच्या हातात दिलं. त्यानं आधी विचारलं, कुठं लावायचं? मामांनी बोट दाखवलं, त्या नव्या पिनेकडं.

आता दोघंही निवृत्त आहेत. दसऱ्याच्या आसपास त्याचा मला फोन येतो. मामांची खुशाली विचारतो, मग विचारतो, प्रेस आवाज तर करत नाही ना.

नमस्कार.